खिचडी पहिल्याच दिवशी पोचते, मग घराला इतकी वर्षं का लागतात? पाटणचा डोंगर आणि सांगलीचा काठ काय सांगतो

जुलै २०२१. २२ आणि २३ तारखेच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. महाबळेश्वरला पाऊस नवीन नाही, पण हा आकडा तिथल्या लोकांनाही नवीन होता. त्याच रात्री सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर आणि ढोकावळे इथं डोंगराचा भाग घरांवर आला. माणसं गेली, जनावरं गेली, शेतं दगडगोट्यांनी भरून गेली. खाली सांगलीत कृष्णेचं पाणी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेलं आणि दोनच वर्षांपूर्वी पुरात बुडालेली घरं परत बुडाली.

त्यानंतरचं चित्र तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. टेम्पो भरून चटया, बिस्किटाचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, साड्या. गणेश मंडळं, कॉलेजची पोरं, साखर कारखाने, मशिदीचे ट्रस्ट, गुरुद्वाराचा लंगर, पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले गावकरी. कुणी कुणाला बोलवावं लागलं नाही. एवढी मदत आली की काही ठिकाणी जुन्या कपड्यांचे ढीग कुठं टाकायचे हा प्रश्न झाला.

आणि मग टेम्पो थांबले. शाळेत ठेवलेल्या कुटुंबांना शाळा मोकळी करून द्यायची वेळ आली. तिथून पुढं खरा प्रश्न सुरू होतो: आता राहायचं कुठं? दहा दिवसांपुरतं नाही, कायमचं.

समाजाची मदत पहिल्या आठवड्यात इतकी ताकदीनं उभी राहते, मग घर उभं राहीपर्यंत ती कुठं जाते? आणि ती टिकली तर काय फरक पडतो? सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे हे समजून घ्यायला चांगले आहेत, कारण इथं डोंगरही आहे, नदीही आहे आणि विस्थापनाचा साठ वर्षांचा अनुभवही.

आधी एक गंमत: सरकारी व्याख्येत हे लोक बेघर नाहीत

२०११ च्या जनगणनेनुसार देशात बेघर लोकांची संख्या १७.७ लाख होती. महाराष्ट्रात ती २ लाखांच्या थोडी वर. पण जनगणनेत बेघर कुणाला धरतात? जो कुठल्याही 'जनगणना घरात' राहत नाही, म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर असलेली कुठलीही वास्तू नाही, त्याला. रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळाच्या पायरीवर, रेल्वे फलाटावर झोपणारा माणूस त्यात येतो.

पत्र्याच्या शेडला छप्पर असतं. सरकारी वसाहतीतल्या उसन्या खोलीलाही असतं. नातेवाइकाच्या पडवीलाही असतं. त्यामुळे दरडीत घर गेलेलं आणि तीन पावसाळे शेडमध्ये काढणारं कुटुंब आकड्यांत बेघर धरलं जात नाही. त्याची नोंद 'आपत्तीग्रस्त', 'बाधित', 'स्थलांतरित' अशा वेगवेगळ्या खात्यांच्या वेगवेगळ्या रजिस्टरांत असते. आता २०२७ ची जनगणना होईल तेव्हाही व्याख्या हीच राहिली तर ही कुटुंबं पुन्हा घर असलेल्यांच्या रकान्यात जातील.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. रजिस्टर कुठलं यावर पैसा कुठून येणार हे ठरतं. शहरातल्या बेघरांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवारा केंद्रं उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा असा निकष आहे. सांगलीत महापालिकेचं 'सावली' हे केंद्र सामाजिक संस्थेच्या मदतीनं चालतं. पण असा निवारा असतो एकट्या, आजारी, म्हाताऱ्या, घरच्यांनी टाकलेल्या माणसासाठी. तीन पोरं, एक म्हैस आणि भाताच्या चार खाचरांचा संसार घेऊन कुणी तिथं जाऊ शकत नाही. त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. तो जातो महसूल खात्यातून, म्हणजे तलाठ्याच्या पंचनाम्यातून.

पाटण: ज्यांना एकदा उठवलं, तेच पुन्हा उठले

कोयना धरणाचं पाणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अडायला लागलं. सुमारे शंभर गावं पाण्याखाली गेली किंवा उठली. लोकांना सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगवलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा तेव्हा राज्यात नव्हता. तो १९७६ साली आला, म्हणजे कोयनेचं पाणी अडल्यावर दहा-पंधरा वर्षांनी. बरेच जण लांब गेलेच नाहीत. पाणी जसं वर चढलं तसे तेही डोंगरात वर सरकले. सपाट, कसदार जमीन शिवसागराच्या तळाशी गेली आणि उताराची जमीन लोकांच्या वाट्याला आली.

मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, हजारो घरं पडली. पुन्हा बांधाबांध झाली. नंतर अभयारण्य आलं, राष्ट्रीय उद्यान आलं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. प्रत्येक वेळी वापरायला मिळणाऱ्या जमिनीचा तुकडा थोडा लहान झाला.

ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर २०२१ नंतर विचारला गेलेला एक प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो: 'हे लोक मुळात डोंगराच्या कुशीत राहायला गेलेच का?' उत्तर सोपं आहे. कारण खाली धरण आहे.

दरडीनंतर मिरगाव आणि आजूबाजूच्या कुटुंबांना आधी शाळेत आणि मग कोयनानगरच्या प्रकल्प वसाहतीतल्या खोल्यांत हलवलं. या खोल्या कधीकाळी धरणाच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या. म्हणजे ज्या धरणासाठी आजोबांनी गाव सोडलं, त्या धरणाच्या क्वार्टरमध्ये नातू दरडग्रस्त म्हणून राहायला आला. कायमस्वरूपी घरं बांधायचं काम पुढं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे देण्यात आलं. मुंबईत मेट्रो बांधणारी संस्था पाटणच्या डोंगरात घरं बांधणार, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण निधी तिच्याकडे आहे.

मग अडलं कुठं? पैशाच्या आधी जमिनीवर.

पुनर्वसनाची जागा कशी लागते ते बघा. ती दरडीच्या धोक्यातली नको, म्हणून भूवैज्ञानिकांचा अहवाल हवा. वन खात्याची नको, नाही तर केंद्राच्या परवानगीचा वेगळा प्रवास सुरू होतो. पाणी, रस्ता, वीज जवळ हवी. खासगी असेल तर मालक विकायला तयार हवा आणि सातबाऱ्यावर वीस वारसांची नावं असतील तर वीसच्या वीस सह्या हव्यात. एवढं सगळं जुळलं की मग गावकऱ्यांची संमती. आणि इथं वाडीवाडीचं मत वेगळं पडतं. कुणाला शेताजवळ राहायचंय, कारण भात आणि नाचणी सोडून दुसरं पोटाचं साधन नाही. कुणाला रस्त्याला लागून जागा हवी, कारण मुलगी हायस्कूलला जाते. कुणी म्हणतं गुरांना गोठा मिळणार असेल तरच. यातलं कुणीही चूक नाही.

पुणे जिल्ह्यातल्या माळीणचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. ३० जुलै २०१४ ला तिथं दीडशेच्या वर माणसं गेली. जवळच आमडे इथं जागा ठरली आणि एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांत, नवीन घरांच्या चाव्या दिल्या. आपल्याकडच्या मानानं हा वेग चांगलाच. पण त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीत रस्ते खचले, भराव वाहिले आणि लोक पुन्हा धास्तावले. उतारावर सपाटी करून बांधलं की पाणी आपली जुनी वाट शोधतं. हे सांगायला इंजिनिअर लागतो असं नाही. त्या शिवारात चाळीस पावसाळे काढलेल्या कुठल्याही आजीनं ते सांगितलं असतं, तिला विचारलं असतं तर.

सांगली: घर आहे तिथंच आहे, पण ते घर धरायचं का?

सांगलीचा प्रश्न उलटा. इथं डोंगर कोसळत नाही, पाणी येतं आणि जातं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा महापूर त्यापुढं लहान ठरला. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

शहरात सर्वांत आधी पाणी शिरतं ते सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशा भागांत. ही वस्ती तिथं का वाढली याचं उत्तर बाजारभावात आहे. नदीकाठची, पाण्यात जाणारी जागा स्वस्त. मोलकरीण, हमाल, रिक्षावाला, हळदीच्या पेठेतला मजूर यांना परवडणारी. प्लॉट गुंठ्यानं विकले गेले, पैसे दिले-घेतले गेले, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून झालं. पण शहराच्या नकाशावर तिथून निळी रेषा जाते. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे पुरात भिंत पडली की तिथंच परत अधिकृतपणे बांधता येत नाही, आणि दुसरीकडे जागा घ्यायची ऐपत नाही. मग काय होतं? कुटुंब पंधरा दिवस शाळेत राहतं, चिखल काढतं, पडलेली भिंत पत्र्यानं बंद करतं आणि पुढच्या जुलैपर्यंत तिथंच राहतं.

सगळ्यात वाईट अवस्था भाडेकरूंची. २०१९ मध्ये घर पूर्ण पडलेल्यांना तात्पुरतं भाड्यानं राहण्यासाठी ग्रामीण भागात २४ हजार आणि शहरी भागात ३६ हजार रुपये जाहीर झाले. चांगला निर्णय होता. २०२१ च्या पॅकेजमध्ये पूर्ण नष्ट झालेल्या घराला दीड लाख, अर्ध्या नुकसानीला ५० हजार, चौथाई नुकसानीला २५ हजार असे टप्पे ठरले. पण पडलेलं घर मालकाचं. पंचनामा मालकाच्या नावानं. भाडेकरूला भांडी-कपड्यांसाठी जे सानुग्रह अनुदान मिळेल तेवढंच. आणि दुरुस्तीनंतर मालकानं भाडं वाढवलं तर त्याला निघावं लागतं. त्याच्या डोक्यावरचं छप्पर पाण्यानं गेलंच नव्हतं, त्यामुळे ते गेल्याची नोंद कुठल्याच यादीत नाही.

नमुना आठ, आजोबांचं नाव आणि तीन भाऊ

आता त्या जागेवर येऊ जिथं बहुतेक कुटुंबं खरंच अडकतात, आणि जिथं बाहेरच्या मदतीचा जवळजवळ पत्ता नसतो.

गावाकडच्या एका घराचा विचार करा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराचा नंबर एक, नाव आजोबांचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. घरात आता तीन भाऊ, तीन चुली, तीन रेशनकार्डं. मधली विधवा सून एका खोलीत वेगळी राहते. घर पडलं. पंचनामा एका घराचा झाला. भरपाई एक. ती कुणाच्या खात्यावर? वारसनोंद झालेली नाही. ती करायला मृत्यूचा दाखला हवा, दाखला पुरात गेला किंवा कधी काढलाच नव्हता. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या भावाची सही हवी, त्याला सुट्टी नाही. विधवा सुनेचं नाव कुठंच नाही, त्यामुळे तिच्या हिश्शाला काय येणार हे दिरांच्या मनावर.

आणि पुनर्वसनात घर मिळतं ते कुटुंबाला. मग कुटुंब म्हणजे किती? तीन चुली धरायच्या की एक नंबर? हा एक प्रश्न यादीवर महिनोन्महिने हरकती आणतो.

घरकुल योजनांचंही तसंच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार देते. त्याशिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. २०२५ मध्ये राज्यानं आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना जादा ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. योजनांची उणीव नाही.

पण यातल्या जवळपास प्रत्येक योजनेची पहिली अट, बोलून दाखवलेली किंवा न दाखवलेली, एकच आहे: स्वतःची जागा. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीची योजना आहे. त्यात आधी ५० हजार मिळायचे, आता १ लाखापर्यंत. सांगली-साताऱ्यात रस्त्यालगतचा गुंठा एक लाखाला मिळतो का, हे कुणालाही विचारा. गायरानावर बांधावं तर २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात राज्यातल्या २ लाख २२ हजार गायरान अतिक्रमणांचा विषय आला तेव्हा गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली होती. त्यात धनदांडग्यांचे बंगले आणि गोदामंही होती, पण पारधी, डोंबारी, गोसावी, वडार कुटुंबांच्या झोपड्याही होत्या. नोटीस दोघांना एकसारखीच येते, वकील एकालाच परवडतो.

म्हणून हा लेख ज्या प्रश्नानं सुरू झाला त्याचं थोडं कडू उत्तर असं: मदत करणाऱ्यांना ब्लँकेट देणं कळतं, वारसनोंद लावून देणं कळत नाही. ब्लँकेटचा फोटो काढता येतो. तहसील कचेरीत चौथ्यांदा घातलेल्या खेपेचा फोटो कोण टाकणार?

हे काम आपल्याकडे झालंय

किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी बसवली गेली, त्याची चर्चा खूप होते. कमी बोललं जातं ते दुसऱ्या भागाबद्दल. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, नुसती तडकली होती, अशा हजाराहून अधिक गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम चालला. पैसे थेट घरमालकाच्या खात्यात टप्प्याटप्प्यानं, बांधकाम घरमालकानंच करायचं. पहिले काही महिने तो रखडला, कारण लोकांना नियम कळत नव्हते आणि इंजिनिअरला लोक.

तेव्हा सरकारनं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला सोबत घेतलं आणि गावोगाव महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं. त्यांचं काम काय? कुणाचा हप्ता अडला, कुणाच्या पासबुकात चूक आहे, कोपऱ्यात लोखंडी पट्टी टाकली की नाही, गवंडी फसवतोय का, हे बघायचं आणि इंजिनिअरला सांगायचं. ज्या बायका आधी ग्रामसभेला दाराआडून ऐकायच्या त्या सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या. कार्यक्रम हलला. पुढं २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर याच बायकांमधल्या काही जणी कच्छमध्ये अनुभव सांगायला गेल्या.

दुसरं उदाहरण खुद्द सांगलीतलं आहे आणि सांगलीतच अनेकांना माहीत नसतं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेनं इथल्या झोपडपट्ट्यांचं घरटी सर्वेक्षण करून जीआयएस नकाशे तयार केले. भारतात तेव्हा किती महापालिकांकडे असं काही होतं, याचा विचार करा. गुगल मॅप्स यायलाही अजून बरीच वर्षं होती. नकाशे करताना वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांचा हात होता. कुठलं घर कुणाचं, किती माणसं, पाणी कुठून आणतात, शौचाला कुठं जातात, हे कागदावर आलं.

त्याचा उपयोग नंतर झाला. २००५ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं झोपडपट्ट्यांसाठी एकात्मिक गृहनिर्माण योजना आणली तेव्हा बहुतेक शहरं एकेक वस्ती वेगळी धरून प्रस्ताव करत होती. सांगलीचा प्रस्ताव अख्खं शहर एकत्र धरून करता आला, कारण नकाशा हातात होता. कुठली वस्ती आहे तिथंच बांधता येईल, कुठली पुराच्या किंवा आरक्षणाच्या जागेवर आहे, हलवायची तर जवळात जवळ कुठली मोकळी जागा आहे, हे एका नजरेत दिसत होतं. योजनेत लाभार्थ्याचा स्वतःचा वाटा होता, साधारण १० ते १२ टक्के. हे पैसे बाईनं साठवायचे तर घर आपल्या कामापासून किती लांब जाणार हे तिला आधी कळायला हवं. चार घरची धुणी-भांडी करणारीला सात किलोमीटरवर फ्लॅट दिला तर ती तो भाड्यानं देऊन परत नदीकाठी येते. देशभर त्या काळात बांधलेली कितीतरी घरं रिकामी पडली ती याच कारणानं.

हे सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही. ठेकेदार, निविदा, वाढता खर्च, निवडणुका, जागांचे वाद, जे सगळीकडे होतं ते इथंही झालं. तरी मुद्दा राहतो: वस्तीची माहिती वस्तीच्या हातात असेल तर सरकार बदललं, आयुक्त बदलले तरी कागद शिल्लक राहतो.

जमीन कोण देणार?

केरळमध्ये 'लाइफ मिशन' नावाची घरांची मोहीम आहे. घर अर्धवट असलेले, जागा असून घर नसलेले आणि जागाच नसलेले असे तीन गट तिनं सुरुवातीलाच वेगळे केले. तिसरा गट सगळ्यात अवघड निघाला, तसा तो निघणारच होता. मग २०२१ च्या शेवटी सरकारनं लोकांनाच आवाहन केलं की भूमिहीनांसाठी जमिनीचा तुकडा दान द्या. काहींनी काही सेंट दिले, काहींनी एकर. तिथं एक सेंट म्हणजे साधारण आपला अर्धा गुंठ्याहून थोडा कमी. वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरडी कोसळल्यावर कल्पेट्टाजवळ एका चहामळ्याची जमीन घेऊन एकत्र टाउनशिप करायचं ठरलं आणि ज्यांना घरं बांधून द्यायची होती अशा दात्यांना तिथं पैसे भरायला सांगितलं. म्हणजे प्रत्येक दात्यानं आपल्या नावाच्या पाटीसह सुटी दोन-चार घरं बांधायची नाहीत. जमीन मिळवताना तिथंही मळामालकांनी कोर्टकज्जे केलेच.

महाराष्ट्रात लोकांनी जमिनीच्या प्रश्नाला हात घातलाच नाही असं नाही. उलट या दोन जिल्ह्यांत तर धरणग्रस्तांची सर्वांत चिवट चळवळ उभी राहिली. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर यांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' हे सूत्र सरकारच्या गळी उतरवायला दशकं घालवली. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनानगरला धरणग्रस्तांनी आठवडेच्या आठवडे ठिय्या दिला. मागणी काय होती? साठच्या दशकात उठलेल्या कुटुंबांची पूर्ण यादी करा, कुणाला काय मिळालं आणि काय राहिलं ते एकदा नोंदवा. म्हणजे अर्ध्या शतकानंतरही भांडण यादीचंच.

दरडग्रस्तांनी या इतिहासातून काय घ्यायचं ते त्यांचं ते ठरवतील. पण एक फरक ठळक आहे. धरणग्रस्तांची संघटना आहे, सभा होतात, शिष्टमंडळ मुंबईला जातं. दरडग्रस्त आणि पूरग्रस्त हे वाडीपुरते, गल्लीपुरते सुटे असतात. पाणी ओसरलं की जो तो आपल्या कामाला लागतो, कारण रोजंदारी बुडवून परवडत नाही. संघटना नसेल तर पाठपुरावा कुणा एकाच्या खांद्यावर येतो. बहुतेक वेळा तो गावातला एखादा शिक्षक, अंगणवाडी ताई किंवा शिकलेला तरुण असतो, आणि त्याची बदली झाली किंवा तो नोकरीला पुण्याला गेला की फाइलही थांबते.

मग मदत करायची असेल तर?

येत्या पावसाळ्यात कुठं तरी पुन्हा हे घडेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचे मेसेज फिरतील. तेव्हा चटया आणि तांदळाच्या जोडीला विचारण्यासारख्या काही गोष्टी आहेत. गावातल्या किती घरांच्या वारसनोंदी बाकी आहेत? मृत्यूचे दाखले, आधार, पासबुकं हरवलेल्यांसाठी एक दिवसाचं शिबिर लावता येईल का, आणि त्यात तलाठी, ग्रामसेवक, बँकवाले एकाच टेबलाशी बसतील का? जे भाड्यानं राहत होते त्यांची स्वतंत्र यादी कुणी केली आहे का? नवीन जागा बघायला जाताना गावातल्या बायकांना गाडीत जागा आहे का? आणि शहरातल्या मंडळाला खर्चच करायचा असेल तर सहा महिन्यांचं घरभाडं पाच कुटुंबांना देणं जमेल का?

यातलं काहीही फेसबुक लाइव्ह करण्यासारखं नाही, हे मान्य.

पाटण तालुक्यात दरवर्षी जूनच्या आधी प्रशासन धोक्याच्या वाड्यांची यादी काढतं आणि कुटुंबांना स्थलांतराच्या सूचना देतं. काही जण शाळेत जातात, काही शेडमध्ये, काही पाहुण्यांकडे. म्हातारी माणसं बऱ्याचदा जायला तयार नसतात. गोठ्यात जनावरं आहेत, त्यांना वैरण कोण टाकणार, असं त्यांचं म्हणणं असतं. मग घरातला एक जण मागं राहतो आणि पाऊस वाढला की रात्रभर डोंगराकडं कान लावून बसतो.